गुडघ्याखाली चार बोटं

भिलाईच्या सेक्टर १० मध्ये सकाळी फिरून बाकावर टेकलेल्या निवृत्त मंडळींत कुणीतरी पायजमा गुडघ्यापर्यंत सरकवून, नडगीच्या कडेला अंगठा रोवून बसलेलं हमखास दिसतं. ‘इथं दाबून पाहा ना जी, गॅस लगेच निघते,’ हा सल्ला शेजारच्याला फुकटात मिळतो. पोलाद कारखान्यात तीन पाळ्यांत हयात काढलेल्या, विदर्भातून येऊन इथलेच झालेल्या या मंडळींच्या गप्पांत गुडघे, पोट आणि झोप हे कायमचे विषय. अंगठा ज्या जागी असतो तिला चिनी वैद्यकात झू-सान-ली म्हणतात. आंतरराष्ट्रीय यादीत तिचा क्रमांक ‘एसटी ३६’. गॅसपासून शुगरपर्यंत आणि गुडघेदुखीपासून हार्ट अटॅकपर्यंत बरंच काही या एका जागेच्या खात्यावर जमा होत असतं. त्यातली काही रक्कम खरी आहे, बरीचशी उधारीची.

जागा सापडायला सोपी आहे. खुर्चीवर गुडघा काटकोनात वाकवून बसायचं. वाटीच्या खाली, बाहेरच्या बाजूला एक खळगा लागतो. तिथून स्वतःच्या हाताची चार बोटं आडवी लावून खाली यायचं आणि नडगीच्या धारेपासून एक बोट बाहेर सरकायचं. पाऊल वर उचललं की तिथे एक स्नायू टणक होऊन अंगठ्याला धक्का देतो. जागा हीच. बोटं ज्याची त्यानंच मोजायची असतात. नातवाच्या पायावर आजोबांची चार बोटं चालत नाहीत.

आता पहिला गैरसमज: बिंदू तिळभरही चुकता कामा नये, नाहीतर उपयोग शून्य. ३६१ बिंदूंच्या जागा ठरवून देणारं जागतिक आरोग्य संघटनेचं पुस्तक २००८ साली निघालं, तेच मुळी वेगवेगळ्या देशांतल्या तज्ज्ञांचं जागांवर एकमत नव्हतं म्हणून. त्याहून बोलका आहे जर्मनीतला २००६ चा मोठा प्रयोग. गुडघेदुखीच्या सुमारे हजार रुग्णांचे तीन गट केले. एकाला पारंपरिक बिंदूंवर सुया टोचल्या, दुसऱ्याला बिंदू सोडून भलतीकडेच वरवर टोचल्या आणि तिसऱ्याला नेहमीचे उपचार दिले. सहा महिन्यांनी पहिल्या गटात ५३ टक्के लोकांना ठरवलेल्या निकषाइतका आराम होता, दुसऱ्यात ५१ टक्के आणि तिसऱ्यात २९ टक्के. सुई टोचून घेतलेल्यांना बरं वाटलं, यात शंका नाही. पण ती कुठे टोचली याने जवळपास काहीच फरक पडला नाही. उपचाराकडून असलेली अपेक्षा, कुणीतरी वेळ देऊन हात लावणं, त्या निमित्ताने मिळणारी विश्रांती, या साऱ्यांचा वाटा त्यात धरावाच लागतो.

अर्थात हा सुयांचा हिशेब झाला. ॲक्युपंक्चरमध्ये सुई आणि ॲक्युप्रेशरमध्ये बोट हा फरक बोलण्याच्या ओघात पुसला जातो आणि एकाचे दाखले दुसऱ्याला चिकटवले जातात. बोटांनी आणि तेही घरच्या घरी केलेल्या दाबाचा हिशेब हवा असेल, तर हाँगकाँगचा प्रयोग पाहावा. पन्नाशीपुढच्या, गुडघेदुखी असलेल्या ३१४ जणांपैकी अर्ध्यांना थोडं प्रशिक्षण देऊन गुडघ्याभोवतीचे बिंदू रोज दोनदा, १२ आठवडे दाबायला सांगितलं. उरलेल्यांना गुडघ्याच्या काळजीची माहिती दिली. २०२४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शून्य ते दहाच्या वेदनामापनात दाबणाऱ्यांचं दुखणं दुसऱ्या गटापेक्षा साधारण अर्ध्या अंकाने जास्त उतरलं. सहाचं साडेपाच, असं समजा. तेही कोण काय करतंय हे रुग्णांना ठाऊक असताना. फुकटच्या, घरबसल्या उपायासाठी हे वाईट नाही. मात्र ‘ऑपरेशन टळलं’ असं म्हणण्याजोगंही नाही. गुडघ्याच्या झिजेत मांडीच्या स्नायूंचे व्यायाम आणि वजन उतरवणं यांची जागा अंगठा घेऊ शकत नाही.

गंमत म्हणजे बिंदूंवरच्या उपायांत पुराव्याच्या बाबतीत सगळ्यात भक्कम बाजू पायाची नाहीच, मनगटाची आहे. मनगटाच्या आतल्या बाजूचा एक बिंदू ऑपरेशननंतरच्या मळमळीवर तपासला गेला. वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१५ च्या आढाव्यात अशा ५९ चाचण्या आणि साडेसात हजारांवर रुग्ण होते. नुसत्या बनावट उपचारापेक्षा मळमळ कमी झाली, पण पुराव्याचा दर्जा त्या अभ्यासकांनीच कमी प्रतीचा ठरवला.

‘हार्वर्डने सिद्ध केलंय’ हे वाक्य मोबाईलवर फिरतं, त्यालाही आधार आहे. हार्वर्डमधल्या संशोधकांसह एका गटाचा शोधनिबंध २०२१ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात आला. मागच्या पायात, नेमक्या याच बिंदूपाशी, सुईतून सौम्य वीजप्रवाह सोडला की विशिष्ट संवेदी मज्जातंतू जागे होतात, संदेश मेंदूतून व्हेगस मज्जातंतूमार्गे अधिवृक्क ग्रंथींपर्यंत जातो आणि अंगभर पसरलेला दाह कमी होतो, असं त्यात दिसलं. पोटावरच्या बिंदूला तेवढाच प्रवाह दिला तर तसं घडलं नाही. म्हणजे जागेला काही अर्थ असू शकतो. संशोधन खरोखर देखणं आहे. फक्त ते उंदरांवर होतं, सुईने होतं आणि विजेने होतं. फिरत्या मेसेजमध्ये या तिन्ही गोष्टी गाळलेल्या असतात.

इतिहासाच्या बाबतीत मराठी घरांतला गोंधळ थोडा प्रेमळ आहे. ॲक्युपंक्चर भारतात आणलं सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणिसांनी, अशी समजूत आढळते. १९३८ मध्ये चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकात कोटणीस होते, नागपूरचे डॉ. चोळकरही होते. कोटणीस तिथे शल्यचिकित्सक म्हणून राबले आणि ९ डिसेंबर १९४२ ला, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी, तिथेच वारले. सुयांची विद्या आणली ती त्याच पथकातल्या डॉ. बिजय कुमार बसूंनी. १९५८ मध्ये पुन्हा चीनला जाऊन ते शिकले आणि कोलकात्यात त्यांनी ती वापरायला सुरुवात केली. लुधियानाच्या ॲक्युपंक्चर रुग्णालयाला कोटणिसांचं नाव आहे, त्यामुळे श्रेय त्यांच्याकडे सरकलं असावं.

दुसरी समजूत, हे तर आपलंच मर्मशास्त्र. सुश्रुतसंहितेत १०७ मर्मं आहेत, जानू म्हणजे गुडघाही त्यांत येतो. पण सुश्रुताने त्यांची वर्गवारी केली ती तिथे इजा झाली तर काय होईल यावरून: कुठे तत्काळ मृत्यू, कुठे कालांतराने, कुठे कायमचं व्यंग. शस्त्र चालवणाऱ्याने सांभाळायच्या या जागा. त्यांना चिनी बिंदूंच्या नकाशावर बसवणं ही अलीकडची उत्साही जुळवाजुळव आहे. झू-सान-लीचा माग पूर्वेकडेच लागतो. जपानी कवी बाशो १६८९ च्या लांबच्या पदयात्रेला निघण्याआधी याच जागेवर औषधी वनस्पतीचे चटके घेऊन पाय तयार करत होता.

राहिला दाबण्याचा प्रश्न. ‘जीव कळवळला पाहिजे, तरच गुण’ हा सल्ला सर्वांत घातक. अंगठ्याने सोसेल असा, खोल पण बेताचा दाब, मिनिट-दोन मिनिटं, मग दुसरा पाय, एवढं पुरे. लाकडी काठी किंवा पेनाचं टोक अजिबात नको. या जागेपासून थोडं बाहेर आणि मागे, पोटरीच्या बारीक हाडाच्या मानेला वळसा घालून एक मज्जातंतू जातो आणि तो तिथे कातडीच्या अगदी लगत असतो. तासन् तास उकिडवं बसणाऱ्यांचं पाऊल कधी कधी लुळं पडतं, ते हाच मज्जातंतू दबल्यामुळे.

म्हणूनच ‘याला साइड इफेक्ट नाहीत’ हेही अर्धसत्य. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर जोराने दाबल्यावर काळे-निळे डाग पडतात. जुन्या मधुमेहात पायाची संवेदना कमी झालेली असेल तर दाब किती झाला ते कळतच नाही. जखम, पुरळ किंवा फुगलेल्या निळ्या शिरा असतील तिथे बोट लावू नये.

बाकी ज्याला या दोन मिनिटांनी बरं वाटतं त्याने खुशाल दाबावं; गोळ्या मात्र आपल्या मनाने बंद करू नयेत. छातीत दुखून घाम फुटला तर पायाला हात न लावता १०८ ला फोन करावा. आणि एकच पोटरी अचानक सुजली, गरम झाली, दुखू लागली, तर ती शिरेतली रक्ताची गाठ असू शकते. चोळल्याने ती सुटून फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. अशा वेळी तो पाय स्वतः दाबू नये, कुणाला दाबू देऊ नये. सेक्टर १० वाल्यांना सेक्टर ९ चं जवाहरलाल नेहरू हॉस्पिटल शेजारीच आहे. त्याच दिवशी तिथे जावं.