‘नॉन-रिफंडेबल’ म्हणजे काय रे भाऊ?

जिमवाल्यांचे वर्षातले हंगाम दोन. एक जानेवारीचा, संकल्पवाल्यांचा. दुसरा जून-जुलैचा, म्हणजे कॉलेजं सुरू होण्याचा. या दिवसांत गेटबाहेर पॅम्प्लेट वाटणारी पोरं उभी असतात, इन्स्टावर रील फिरत असतात आणि रिक्षांच्या पाठीवर बॅनर झळकत असतात. सहज चौकशीला म्हणून आत गेलात की काउंटरवरचा दादा आधी वजनकाट्यावर उभं करतो, बॉडी फॅटचा आकडा सांगून घाबरवतो आणि मग कॅल्क्युलेटर पुढे सरकवतो. महिन्याचे दोन हजार. तीन महिन्यांचे पाच. वर्षाचे मात्र फक्त चौदा हजार चारशे! ‘ऑफर आजच संपतेय हं.’ (गेल्या आठवड्यातही ती आजच संपत होती.)

जीपे होतं, फॉर्मवर सही होते, सेल्फी पडतो. पावतीच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत एक ओळ असते, एकदा भरलेली फी कोणत्याही कारणास्तव परत मिळणार नाही. ती ओळ आपण वाचतो ती थेट पैसे परत मागायची वेळ आल्यावर.

माझ्या रूममेटवर ती वेळ नवव्या आठवड्यात आली. पठ्ठ्या नांदेडचा, इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, कर्वेनगरात कॉट बेसिसवर राहणारा. वर्षाचं पॅकेज घ्यायला त्याने दोन महिने पॉकेटमनी साठवला होता, उरलेले वडिलांनी पाठवले होते. जिम रूमपासून चालत पाच मिनिटांवर, सकाळी सहाची बॅच, आठला परत येऊन कॉलेजची बस. सगळं जुळलं होतं आणि तो खरंच रोज जात होता, हे मुद्दाम सांगायला हवं. सप्टेंबरात एक दिवस दाराला कुलूप आणि वर कागद चिकटवलेला : रिनोव्हेशनमुळे ही शाखा बंद, सर्व मेंबर्सनी बाणेर शाखेत यावे. कर्वेनगरहून बाणेर म्हणजे बस बदलत पाऊण तास जाणार, पाऊण तास येणार. सहाच्या बॅचला पोचायचं तर उठायचं कधी?

तो फोनवर मॅनेजरशी बोलला तेव्हा मी शेजारीच होतो.

‘सर, मी जिम लावली तीच मुळात जवळ आहे म्हणून.’

‘अरे, बाणेरची ब्रँच याच्यापेक्षा भारी आहे. स्टीम आहे तिथे.’

‘मला स्टीम नकोय सर. उरलेले पैसे द्या.’

‘तशी पॉलिसीच नाही रे आपली. पावतीवर लिहिलंय, वाच की.’

पुढचे आठ दिवस टोलवाटोलवी चालली. तीन महिने मेंबरशिप ‘फ्रीझ’ करून देतो. मित्राच्या नावावर ट्रान्सफर कर, फक्त हजार रुपये चार्ज. उरलेल्या पैशांत प्रोटीनचे डबे घेऊन जा. सगळं मिळत होतं, पैसे सोडून.

आता या धंद्याचं गणित बघा, म्हणजे रिफंड मागितल्यावर चेहरे का बदलतात ते कळेल. स्टेफानो डेलाविन्या आणि उलरिके माल्मेंडिअर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या तीन हेल्थ क्लबच्या हजारो मेंबर्सची हजेरी तीन वर्षं तपासली आणि २००६ मध्ये त्यावर पेपर लिहिला. त्याच्या नावाचा मराठीत अर्थ होतो, ‘जिमला न जाण्याचे पैसे’. महिन्याला ७० डॉलरहून जास्त भरणारी माणसं सरासरी फक्त ४.३ वेळा जात होती. म्हणजे एका खेपेला १७ डॉलरच्या वर पडत होते. त्याच क्लबमध्ये दहा वेळांचा पास मिळत होता आणि त्यात एक खेप १० डॉलरला पडली असती! आपण भविष्यात किती नियमित वागू याचा आपला अंदाज कायम चुकतो आणि वर्षाचं पॅकेज त्या चुकीवरच उभं असतं. मशीन वीस आणि मेंबर चारशे, हे चालतं ते बहुतेक मेंबर येत नाहीत म्हणून. कोल्हापूरच्या तालमीत कुणी ‘अर्ली बर्ड ऑफर’ देत नाही, कारण तिथे न येणाऱ्याला वस्ताद विचारतो, कुठे होतास.

तर, ती मुंगीएवढी ओळ. ती म्हणजे कायदा का? नाही. दुकानात ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ अशी पाटी असते, तिचा हा सख्खा भाऊ. पावतीवर कुणीही काहीही छापू शकतं. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ (लागू झाला जुलै २०२० मध्ये) त्याच्या वरचा आहे. या कायद्यात ‘अनुचित व्यापारी प्रथां’ची यादी आहे. त्यात स्पष्ट म्हटलंय की, त्रुटी असलेली सेवा बंद करून तिचे पैसे पावतीवर दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसेल तर ३० दिवसांत परत न करणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिल किंवा पावती न देणं हीसुद्धा त्याच यादीत आहे.

पण इथे एक शब्द नीट वाचायचा : त्रुटी. कायदा जिमच्या बाजूने नाही, तसा तुमच्या आळसाच्या बाजूनेही नाही. सकाळी उठवत नाही, मित्राने सोडली म्हणून मीही सोडली, परीक्षा आल्या, हे सांगून पूर्ण रिफंड मिळेल अशी आशा धरू नका. जिम चालू आहे, मशीन चालू आहेत, तुम्ही जात नाही. यात सेवेची त्रुटी कुठे आली? जिमने शाखा बंद केली, लांब हलवली, पैसे घेताना सांगितलेली मुलींची वेगळी बॅच बंद केली, पर्सनल ट्रेनर देतो म्हणून दिलाच नाही, तर मात्र केस भक्कम. मधला प्रकार सगळ्यात गुंतागुंतीचा. लिगामेंट फाटलं आणि डॉक्टरांनी वजन उचलायला बंदी केली, किंवा इंटर्नशिप हैदराबादला लागली. चूक तुमचीही नाही आणि जिमचीही नाही. न्यूयॉर्क राज्यात हेल्थ क्लबसाठी स्वतंत्र कायदा आहे. करार केल्यापासून तीन दिवसांत रद्द करता येतो, घर २५ मैलांपेक्षा लांब हललं तरी रद्द करता येतो. आपल्याकडे जिमसाठी असा ‘विचार बदलला’ म्हणायला जागा देणारा वेगळा कायदा नाही. त्यामुळे अशा वेळी डॉक्टरांचं सर्टिफिकेट किंवा ऑफर लेटर जोडून लेखी विनंती करायची आणि थोडं सोडायची तयारी ठेवायची. माझं मत विचाराल तर जिमनेही इथे ताणू नये.

आणि अकरावी-बारावीवाल्यांनो, तुम्हाला एक बोनस माहिती. वयाची अठरा पूर्ण नसतील तर भारतीय करार कायद्यानुसार तुम्ही करार करूच शकत नाही. १९०३ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने मोहोरी बीबी खटल्यात हे ठरवून टाकलं, आजही लॉच्या पहिल्या वर्षाला ते शिकवतात. म्हणजे तुमच्या सहीच्या जोरावर त्या कागदातली कलमं कुणी तुमच्यावर लादू शकत नाही. सही आई-बाबांची असेल तर गोष्ट वेगळी.

रूममेटकडे परत येऊ. त्याची केस पहिल्या दर्जाची होती, तरी भांडण अडलं ते आकड्यावर. त्याचा हिशोब सरळ होता : १४,४०० भागिले १२ म्हणजे महिन्याचे १,२००. दोन महिने वापरले, २,४०० गेले, बारा हजार परत द्या. जिमचा हिशोब असा : वर्षाची सवलत वर्षभर राहणाऱ्याला. तू दोन महिने राहिलास, तर दोन हजारांच्या रेटने चार हजार झाले. वर दीड हजार रजिस्ट्रेशन. उरले आठ हजार नऊशे. हे ऐकायला बरोबर वाटतं ना? स्वतःहून सोडणाऱ्याच्या बाबतीत ते बऱ्यापैकी बरोबर आहेही. सवलत घ्यायची आणि मध्येच निघायचं, हे दुकानदाराला परवडणार नाही. पण इथे मध्येच निघालं कोण? कुलूप तर जिमने लावलं होतं. सवलतीचा करार मोडणाऱ्यानेच सवलत परत मागायची, हे काही पटणारं नाही.

फोन बंद करून त्याने ई-मेल लिहिला. भांडण जिंकलं ते इथे, असं मला वाटतं. मेलमध्ये ‘तुम्ही फसवलं’, ‘सोशल मीडियावर टाकतो’ असलं काही नव्हतं. पावती क्रमांक, भरलेली रक्कम, तारीख, शाखा बंद झाल्याची तारीख, दारावरच्या कागदाचा फोटो, वापरलेले महिने, परत हवी असलेली रक्कम, पंधरा दिवसांची मुदत. जॉइन होण्याआधी काउंटरवरच्या दादाने ‘ही ब्रँच परमनंट आहे, टेन्शन नको’ असं व्हॉट्सअॅपवर लिहिलं होतं. त्याचा स्क्रीनशॉट. म्हणून चॅट डिलीट करू नका आणि तोंडी मिळालेलं प्रत्येक आश्वासन घरी येऊन एक मेसेज टाकून पक्कं करा : ‘सर, आपलं ठरल्याप्रमाणे…’ त्यावर आलेला अंगठासुद्धा कामाला येतो.

पंधरा दिवस गेले, उत्तर आलं नाही. मग त्याने १९१५ फिरवला. ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, फुकट आहे आणि मराठीतही बोलता येतं. इथे गैरसमज नको : हेल्पलाइन निकाल देत नाही, दंड करत नाही. ती तुमची तक्रार नोंदवून समोरच्याकडे पाठवते आणि उत्तर मागते. मोठ्या साखळीतल्या जिमना याचा धाक असतो, गल्लीतला मालक कदाचित ढिम्म राहील. आमच्याकडे आठवड्याभरात फोन आला, ‘आठ-नऊशे घेऊन टाक, विषय मिटव.’ आठ-नऊशे म्हणजे आठ हजार नऊशे. मोह झाला त्याला. घरून वडीलही म्हणाले, ‘बाळा, मिळतंय ते घे, कोर्टकचेरी आपल्याला नको.’

पण जिल्हा ग्राहक आयोग म्हणजे सिनेमातलं कोर्ट नव्हे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी शून्य. वकील लागतोच असं नाही, स्वतः बोलता येतं. तक्रार ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या टाकता येते. आणि हॉस्टेलवाल्यांसाठी सगळ्यात कामाची गोष्ट, २०१९ च्या कायद्याने तक्रार तुम्ही जिथे राहता किंवा काम करता तिथल्या आयोगातही करता येते. जिम पुण्यात आणि तुम्ही कायमचे नांदेडला परतलात, तर नांदेडमध्ये. मांडणी मात्र ‘सेवेतील त्रुटी’ आणि ‘अनुचित व्यापारी प्रथा’ अशी करायची. करारातलं कलमच अन्यायकारक म्हणून रद्द करून मागायचं असेल तर राज्य आयोगाची पायरी चढावी लागते, चौदा हजारांसाठी एवढा खटाटोप कशाला? वेळ लागतो, हेही सांगून ठेवते व्यवस्था : कायद्यात साध्या तक्रारींसाठी तीन महिन्यांचं उद्दिष्ट आहे, प्रत्यक्षात त्याहून बराच वेळ जाऊ शकतो. कागद लिहायला मदत हवी असेल तर शहरातली ग्राहक पंचायत शोधा. ही चळवळच पुण्यातली, १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशींनी सुरू केलेली.

रूममेटने तक्रारीचा मसुदा तयार केला. रक्कम, शिवाय मानसिक त्रासाची भरपाई आणि तक्रारीचा खर्च. तो दाखल करण्याआधी जिमला पाठवून दिला, ‘येत्या सोमवारी दाखल करतोय’ एवढ्या एका ओळीसह. दिवाळीच्या सुट्टीत खात्यात अकरा हजार जमा झाले. बारा नाही, अकरा. हजारासाठी आणखी लढायचं का यावर रूमवर दोन दिवस वाद झाला. मी ‘लढ’ म्हणत होतो. तो सबमिशन्स मोजत होता. त्याने पैसे घेतले आणि ‘आता काही येणे नाही’ असं लिहून दिलं. तसं लिहून दिल्यावर पुन्हा भांडणं अवघड होतं, तेव्हा पूर्ण रक्कम हवीच असेल तर हा कागद देऊ नका.

नवीन जिम बघत असाल तर आधी महिन्याचेच पैसे भरा, मग तीन महिन्यांचे. महाग पडतं, कबूल. पण अमेरिकेतला तो दहा खेपांचा पास आठवा. पैसे मालकाच्या पर्सनल नंबरवर न पाठवता जिमच्या खात्यावर पाठवा आणि पावतीवर जिमचं पूर्ण नाव, पत्ता, जीएसटी नंबर आहे का बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून जिमवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला आहे, अजून कुणी अठरा लावत असेल तर विचारा. सर्वांत जपायचं ते ‘नो कॉस्ट ईएमआय’पासून. तो हप्ता जिमचा नसतो, एखाद्या फायनान्स कंपनीने तुमच्या नावावर दिलेलं ते कर्ज असतं. जिमला कुलूप लागलं तरी हप्ता थांबत नाही आणि तुम्ही थांबवलात तर सिबिल स्कोअर घसरतो. अशा वेळी जिमसोबत त्या कंपनीलाही लगेच लेखी कळवायचं आणि तक्रारीत दोघांनाही सामनेवाले करायचं.

जुनी भांडणंही उकरून काढता येतील, पण मर्यादा आहे : तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. फर्स्ट इयरला बुडालेले पैसे थर्ड इयरला आठवत असतील, तर आधी पावतीवरची नाही, कुलूप लागलं त्या दिवसाची तारीख शोधा.