अंदाजाच्या पुढचं शास्त्र

पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या बचत गटाने कैरीच्या लोणच्याच्या साठ बाटल्या भरल्या होत्या. पावसाळा लागला आणि दुकानदाराने त्यातल्या बावीस परत पाठवल्या. झाकण उघडलं तर वर पांढरी बुरशी! गटाच्या कर्जातून तेल-मसाला आणलेला. बायकांचे चेहरे बघवेनात.

तेव्हा माझी भाची सुट्टीला आली होती. नुकतीच दहावी झालेली. बाटली निरखत तिने विचारलं, "आत्या, धुतल्यावर फोडी किती वेळ वाळवल्या? मीठ किलोला किती घातलं?" आम्ही एकमेकींकडे बघत राहिलो. सगळं अंदाजाने! मग तिनेच सांगितलं, फोडींत ओल राहिली, मीठ कमी पडलं आणि वर तेलाचा थर नाही. बुरशीला ओल आणि हवा दोन्ही मिळाली.

"मला हेच शिकायचंय," ती म्हणाली. दादा हसला, "स्वयंपाक शिकायला चार वर्षं कॉलेज?"

मैत्रिणींनो, इथेच आपली गल्लत होते. फूड टेक्नॉलॉजी म्हणजे पाककृती नव्हेत. अन्नातलं रसायनशास्त्र, सूक्ष्मजीव, यंत्रं, पॅकिंग, दूध-धान्य-फळांवरची प्रक्रिया, असं सगळं त्यात येतं. परभणीच्या कृषी विद्यापीठात यासाठी 1976 पासून वेगळं महाविद्यालय आहे. मुंबईची आयसीटी, म्हणजे पूर्वीची यूडीसीटी, आणि हरियाणात कुंडलीची निफ्टेमही आहे. पदवीनंतर म्हैसूरच्या सीएफटीआरआयमध्ये एम.एस्सी. करता येतं. पुढे डेअरी, बिस्किटांचे कारखाने, तपासणीच्या प्रयोगशाळा इथे कामं मिळतात. सरकारी अन्न सुरक्षा अधिकारी होण्यासाठीही ही पदवी चालते.

पण खरी तयारी अकरावीत सुरू होते. भाचीला गणित जड जात होतं. "बायॉलॉजी आहे ना, मग मॅथ्स सोडते," म्हणाली. दादाही तयार झाला. मी मात्र हट्टाला पेटले. कारण दहावीनंतर गणिताच्या भीतीनेच मी आर्ट्सला गेले होते. आर्ट्सने मला पुष्कळ दिलं, पण ती निवड नव्हती, पळ काढणं होतं. कॉलेजातल्या सरांना विचारलं, तेव्हा कळलं की गणित सोडलं तर आयसीटी आणि निफ्टेमची दारं बंद होतात. निफ्टेमला जेईई मेन लागते, राज्यातल्या प्रवेशांना सीईटी. तिने गणित आणि बायॉलॉजी दोन्ही ठेवले. रडत-कुढत का होईना, रोज पहाटे गणितं सोडवली.

आज ती परभणीला तिसऱ्या वर्षाला आहे. हॉस्टेलवरून फोन येतो, "आत्या, बाटल्या उकळून कोरड्या केल्यात ना?" गटात आता वजनकाटा आहे, वही आहे. मीठ, तेल, वाळवण्याचे तास, सगळं त्यात लिहितो. गेल्या दोन पावसाळ्यांत एकही बाटली परत आली नाही. आणि दादा? तोच आता येणाऱ्या-जाणाऱ्याला फूड टेक्नॉलॉजी समजावून सांगतो!

तुमच्या घरात दहावी झालेली मुलगी असेल, तर विषय ठरवण्याआधी तिच्याजवळ बसा. नियम बदलतात, म्हणून त्या वर्षीची प्रवेशाची माहितीपुस्तिका स्वतः वाचा. आपल्या हाताला चव आहेच. लेकीच्या हाती तिचं शास्त्रही येऊ द्या.