शिनचॅनला कात्री लागली, पण कशाला?

भारनियमनाचे वेळापत्रक पाहून घरातील कामांची आखणी करावी लागे, असे ते दिवस होते. आजचे छत्रपती संभाजीनगर तेव्हा औरंगाबाद होते. सिडको-हडको असो की गारखेडा, दुपारची वीज आली की दूरचित्रवाणी संचावर पहिला हक्क बच्चेकंपनीचा असे. 2006 साली ‘हंगामा’ वाहिनीवर हिंदी बोलणारा एक पाच वर्षांचा जपानी पोरगा अवतरला आणि पाहता पाहता घरोघरी शिरला. मोठ्यांना उलट उत्तरे देणारा, आईला वयावरून आणि वजनावरून टोमणे मारणारा, रस्त्यात दिसेल त्या तरुणीभोवती घुटमळणारा आणि मनात आले की विजार खाली ओढून नाचणारा हा शिनचॅन. मुले खदखदून हसत. पालकांच्या कपाळाला मात्र आठ्या पडू लागल्या.

तक्रारी वाढल्या, केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाची नाराजी ओढवली आणि 2008 मध्ये शिनचॅन पडद्यावरून दिसेनासा झाला. 2009 मध्ये तो परतला, तो कात्री लावून घेऊनच. मुलांच्या कार्टूनमधील ‘मोठ्यांच्या’ विनोदाला लगाम कसा घालतात आणि तो कुठे तोकडा पडतो, हे समजून घेण्यासाठी भारतात याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

मुळात ही गोष्ट मुलांसाठी लिहिलेलीच नव्हती. योशितो उसुई यांनी 1990 मध्ये ती चित्रकथेच्या रूपात सुरू केली, ती प्रौढ पुरुषांसाठी निघणाऱ्या एका साप्ताहिकात. मुलाच्या तोंडून मोठ्यांच्या जगाची टर उडवायची, नवरा-बायकोची धुसफूस आणि कर्जाच्या घराचे रडगाणे पोराच्या नजरेने दाखवायचे, ही त्यामागची कल्पना. 1992 मध्ये तिची दूरचित्रवाणी मालिका झाली आणि मुलांनी ती आपली म्हणून उचलून धरली. खुद्द जपानमध्येही पालक-शिक्षक संघटनेच्या पाहणीत ‘मुलांनी पाहू नयेत’ अशा कार्यक्रमांच्या यादीत ती वर्षानुवर्षे वरच्या स्थानी असे. अमेरिकेत 2006 मध्ये याच चित्रांवर अधिकच चावट संवाद चढवून मालिका रात्री उशिरा, प्रौढांसाठी दाखवली गेली. चित्रे तीच, एका देशाने ती मोठ्यांकडे सरकवली, दुसऱ्याने मुलांकडे. वादाचे मूळ या सरकवण्यातच आहे.

भारतात कार्टूनला सेन्सॉर मंडळाचे प्रमाणपत्र लागते, असा अनेकांचा समज असतो. तो अर्धाच खरा. चित्रपटगृहात लागणाऱ्या चित्रपटाला प्रमाणपत्र लागते, मग तो ॲनिमेशनचा का असेना. 2016 मध्ये ‘द जंगल बुक’ या मुलांच्या चित्रपटाला ‘यू/ए’ प्रमाणपत्र मिळाले, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! दूरचित्रवाणीवरील मालिकांना अशी पूर्वतपासणी नाही. त्यांना लागू होते ती 1995 च्या केबल टेलिव्हिजन कायद्याखालील कार्यक्रम संहिता. मुलांसाठीच्या कार्यक्रमांत असभ्य भाषा व हिंसेची उघड दृश्ये नसावीत आणि मुलांसाठी अयोग्य कार्यक्रम, सर्वाधिक मुले पाहत असतात त्या वेळी दाखवू नयेत, असे ही संहिता सांगते. त्यामुळे कात्री प्रत्यक्षात चालते ती वाहिनीच्या कार्यालयात, कारवाईच्या धास्तीने. ही धास्ती त्या काळी पोकळ नव्हती. दूरचित्रवाणीवरील प्रौढांच्या चित्रपटांविरुद्ध प्रा. प्रतिभा नैथानी यांनी केलेल्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने कठोर आदेश दिले होते. 2007 मध्ये केंद्र सरकारने ‘एएक्सएन’ आणि ‘एफटीव्ही’ या वाहिन्या प्रत्येकी दोन महिन्यांसाठी बंद केल्या होत्या. हे ताजे असताना मुलांच्या वाहिनीने जोखीम कशाला घ्यावी?

मग कापले काय? नग्न पार्श्वभागाची दृश्ये गेली, चावट नाच गेले, दारूच्या उल्लेखांना सौम्य शब्द मिळाले. यांत न पटण्यासारखे काही नाही. परंतु पालकांची खरी तक्रार काय होती, हे आठवले तर गंमत ध्यानात येते. विजार घसरलेल्या चित्राने फार घरे हादरली नव्हती; आपल्याकडे उघडी शेंबडी पोरे अंगणात फिरण्याचे कुणाला अप्रूप? हादरा बसला तो पाच वर्षांच्या मुलाने आईला नावाने हाक मारण्याचा. या शहरात तो अधिकच जाणवला असावा. इथल्या मराठी घरातील मुलाला हिंदी परकी नसते, ती गल्लीतच कानावर पडते. त्यामुळे कार्टूनची भाषा त्याच्या जिभेवर चटकन बसते आणि तिच्यासोबत तिचा सूरही येतो. ‘आई, जेवायला वाढ’च्या जागी हेल काढून आलेली फर्माईश ऐकून किती माउलींनी रिमोट लपवला असेल! हा सूर कापायचा कसा? तो कोणत्याही एका दृश्यात नसतो. संहितेला दिसते ते कापले गेले, आणि घराला खुपले ते बव्हंशी राहिले.

द्व्यर्थी विनोदाशी महाराष्ट्राची ओळख जुनी. तमाशाची बतावणी त्यावरच चाले आणि दादा कोंडके यांचे सेन्सॉर मंडळाशी उडालेले खटके सर्वश्रुत आहेत. शब्दाचा वरचा अर्थ सोवळा असतो, दुसरा ऐकणाऱ्याच्या मनात असतो, आणि कात्री मनापर्यंत पोहोचत नाही. कार्टूनमधल्या अशा विनोदाचा वरचा थर मुलाला हसवतो, खालचा त्याच्या डोक्यावरून जातो. सगळा द्व्यर्थी विनोद मुलाला बिघडवतो, हे म्हणूनच घाईचे विधान ठरेल. नक्कल करता येण्याजोगे वर्तन ही वेगळी बाब, आणि काळजी तिची करायला हवी.

इतर देशांतही कात्री अशीच, दिसेल त्यावर चालली आहे. अमेरिकेत 1934 नंतर चित्रपटांची आचारसंहिता कडक झाली, तेव्हा ‘बेटी बूप’चा झगा लांब झाला. ब्रिटनमध्ये एका प्रेक्षकाच्या तक्रारीनंतर 2006 मध्ये ‘टॉम अँड जेरी’तील धूम्रपानाची दृश्ये काढण्याचे ठरले. मांजराच्या डोक्यात घातलेला हातोडा जागच्या जागी राहिला.

आज एखाद्या कार्यक्रमाबद्दल तक्रार करायची झाल्यास मार्ग पूर्वीपेक्षा स्पष्ट आहे. 2021 च्या सुधारित नियमांनुसार प्रथम वाहिनीकडे लेखी तक्रार करायची. तिने 15 दिवसांत निकाल द्यायचा. समाधान न झाल्यास पुढील 15 दिवसांत वाहिन्यांच्या स्वयंनियमन संस्थेकडे दाद मागता येते आणि त्यानंतर केंद्राच्या आंतरविभागीय समितीकडे. स्थानिक केबलचालकाने संहिता मोडल्यास जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्त कारवाई करू शकतात. तक्रारीत कार्यक्रमाचे नाव, तारीख आणि वेळ नेमकी असावी. ‘काहीतरी घाणेरडे दाखवतात’ एवढ्यावर कुणी हलत नाही.

अडचण एवढीच, की बच्चेकंपनी आता वाहिनीपाशी राहिलेली नाही. मागणीनुसार कार्यक्रम दाखवणाऱ्या सेवांना 2021 पासून 7, 13 आणि 16 वर्षांच्या वयोश्रेणी आणि पालकांसाठी कुलुपाची सोय बंधनकारक आहे. चित्रफितींच्या खुल्या संकेतस्थळांवर मात्र कुणीही काहीही चढवू शकतो. ओळखीच्या कार्टून पात्रांना वापरून बनवलेल्या हिंसक व अश्लील फितींचा सुळसुळाट 2017 मध्ये उघडकीस आला, तेव्हा यूट्यूबला त्या मोठ्या प्रमाणावर काढाव्या लागल्या होत्या. त्या फिती कोणत्याही वाहिनीच्या कार्यालयातून गेल्या नव्हत्या. आणि आजही मुलाच्या हातातला मोबाइल बहुतेक घरांत आईच्या किंवा बाबांच्या खात्यावर सुरू असतो. त्यामुळे पलीकडच्या यंत्रणेच्या लेखी समोर बसलेला प्रेक्षक पस्तिशीचा असतो.