औषध घरी आले, विचारणारा कोण?

गेल्या वर्षी पावसाळ्यात माझे थोरले बंधू न्यूमोनियाने आजारी पडले आणि नऊ दिवस रुग्णालयात काढून घरी आले. दादांचे वय ७८. मधुमेह वीस वर्षांचा जुना. डिस्चार्ज कार्डावर अकरा औषधे लिहिली होती. बंगळूरला असलेल्या पुतण्याने कार्डाचा फोटो मागवून घेतला, तिथूनच फोनवर मागणी नोंदवली आणि दिवेलागणीला औषधांचे खोके दारात हजर! ‘‘किती सोय झालीय बाई,’’ वहिनी म्हणाल्या. मीही मान डोलावली.

चौथ्या दिवशी पहाटे साडेचारला वहिनींचा फोन आला. ‘‘भाऊजी, लगेच या. हे काहीतरीच बोलताहेत.’’

मी पोचलो तेव्हा दादा घामाने निथळत होते. जीभ जड झाली होती. मला त्यांनी आमच्या वडिलांच्या नावाने हाक मारली. साखर मोजण्याच्या यंत्रावर आकडा होता ४६. गिळण्याइतपत शुद्ध होती म्हणून वहिनींनी साखरपाणी पाजले आणि आम्ही त्यांना रुग्णालयात हलवले. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदा सांगितले ते असे : ‘‘घरात असतील नसतील तेवढी सगळी औषधे घेऊन या.’’

वहिनींनी डबाच आणला. बाईंनी एकेक पाकीट उलटून मागची बारीक अक्षरे वाचली आणि दोन पाकिटे बाजूला ठेवली. एक नवे, रुग्णालयाने लिहून दिलेले. दुसरे जुने, दादा कित्येक वर्षे घेत असलेले. नावे वेगळी, रंग वेगळे, कंपन्या वेगळ्या. पण दोन्हींत ग्लिमेपिराइड हे साखर उतरवणारे औषध होते. जुन्यात ते दुसऱ्या औषधाबरोबर एकत्र केलेले होते, एवढाच फरक. दादा चार दिवस दोन्ही गोळ्या इमानेइतबारे घेत होते. त्यात आजारपणाने जेवण निम्म्यावर आलेले. या औषधाचा अंमल बराच वेळ टिकतो, साखर पुन्हा उतरू शकते, म्हणून त्यांना दीड दिवस देखरेखीखाली ठेवावे लागले.

चूक कोणाची? मी मनाशी पुष्कळ शोधले. कार्डावर नवे औषध बरोबर लिहिले होते. जुने बंद करा, एवढे मात्र लिहायचे राहिले होते. औषधे पाठवणाऱ्याने मागितले तेच पाठवले. पुतण्याने वडिलांच्या काळजीपोटी जुन्या औषधांची मागणी दरमहा आपोआप जाईल अशी व्यवस्था मागेच करून ठेवली होती. त्यामुळे नव्या खोक्यापाठोपाठ जुन्या गोळ्यांचेही ताजे खोके आले. प्रत्येकाने आपले काम चोख केले होते.

तीन तपांहून अधिक काळ मी बँकेत काढला. तिथे ‘स्टँडिंग इन्स्ट्रक्शन’ नावाचा एक प्रकार असतो. खातेदार एकदा लिहून देतो की, माझ्या खात्यातून दरमहा अमुक रक्कम तमुक खात्यात वळती करा. पुढे बँक विचारत नाही. एका तालुक्याच्या शाखेत असताना मी पाहिले, माणूस जाऊन सात महिने झाले होते आणि त्याच्या बचत खात्यातून आवर्ती ठेवीचा हप्ता दरमहा बिनचूक जात होता. बँकेला कोणी कळवले नव्हते, त्यामुळे नियमाने सारे बरोबर होते. त्याची बायको पासबुक भरून घ्यायला आली, तेव्हा कुठे उलगडा झाला. दादांच्या गोळ्यांचे नेमके हेच झाले. हुकूम चालू राहिला आणि मधल्या काळात माणसाची अवस्था पालटली.

आमच्या लहानपणी गावातल्या दवाखान्यात कंपाउंडर असे. घरून धुतलेली बाटली न्यायची. तो तिच्यात लाल मिश्रण भरी आणि बाटलीवर डोसाच्या खुणा कातरलेली कागदाची पट्टी डकवी. बाटली हातात देण्याआधी मात्र तो विचारी : ‘‘कालचं संपलं का? उरलं असेल तर ओतून टाक. जेवला का रे आज?’’ त्या औषधाचा गुण किती होता, देव जाणे; आजची औषधे त्याहून कितीतरी खरी आणि कितीतरी जालीम आहेत. पण त्या प्रश्नांची किंमत मला दादांच्या आजारात कळली.

घरपोच औषधांना माझा विरोध नाही. करोनाच्या टाळेबंदीत, २६ मार्च २०२० रोजी, केंद्र सरकारने अधिसूचना काढून किरकोळ औषधविक्रेत्यांना औषधे घरी पोचवण्याची मुभा दिली. अमली पदार्थांत मोडणारी औषधे त्यातून वगळली होती. त्या दिवसांत असंख्य म्हाताऱ्या जिवांना तिचा आधार झाला. आजही ज्याला जिना उतरवत नाही, त्याला घरी येणारे औषध म्हणजे मोठा दिलासा आहे. मात्र २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांत नोंदणीकृत फार्मासिस्टने रुग्णाला औषधाविषयी समजावून सांगावे, हे कर्तव्य म्हणून नमूद आहे. खोके पोचवणाऱ्या मुलाकडून ती अपेक्षा करता येत नाही. आमच्या गल्लीत तर तो इन्सुलिनचे पुडके भर उन्हाळ्यात फाटकावरच्या रखवालदाराकडे देऊन जातो. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश तापमानात ठेवायचे असते, हे त्याला सांगितले कोणी?

औषधाबरोबर माणूसही घरी जाऊ शकतो, याची उदाहरणे आपल्याच देशात आहेत. केरळात कोझिकोडला १९९३ साली पॅलिएटिव्ह केअरचे, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या आजारातले दुखणे हलके करण्याचे, काम सुरू झाले. पुढे ते गावोगाव पसरले आणि २००८ मध्ये राज्याने त्यासाठी धोरणच आखले. तिथे परिचारिका अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या घरी जाते; शेजारपाजारची स्वयंसेवक मंडळी हातभार लावतात. तमिळनाडूने ५ ऑगस्ट २०२१ रोजी कृष्णगिरी जिल्ह्यातून ‘मक्कळै तेडी मरुत्तुवम’ ही योजना सुरू केली. लोकांना शोधत येणारे वैद्यक, असा त्या नावाचा भावार्थ. स्वयंसेविका दारात येते ती रक्तदाब मोजते, साखर तपासते आणि औषधे देते. गरजेप्रमाणे परिचारिका आणि व्यायाम करवून घेणारे फिजिओथेरपिस्टही घरी येतात. म्हणजे औषध देणाऱ्याची रुग्णाशी नजरानजर होते.

तशी व्यवस्था आपल्या दारात येईल तेव्हा येईल. तोवर निदान तीन गोष्टी होण्यासारख्या आहेत. रुग्णालयाने डिस्चार्ज कार्डावर ‘ही औषधे सुरू’ याच्या शेजारी ‘ही औषधे बंद’ असा रकाना ठेवावा. रुग्णालयातून घरी येताच आपण दरमहाची मागणी थांबवावी आणि नवी यादी पाहूनच पुन्हा सुरू करावी. आणि घरातली सगळी औषधे, जुनीसुद्धा, एकदा डॉक्टरांपुढे किंवा ओळखीच्या फार्मासिस्टपुढे ओतावीत. कोणते औषध ठेवायचे आणि कोणते बंद करायचे, हे त्यांनी ठरवावे. आपण मनाने ठरवू नये.

दादा आता ठीक आहेत. वहिनींनी शाळेची शंभर पानी वही घातली आहे. तिच्यात औषधाचे पाकिटावरचे नाव, त्याखाली बारीक अक्षरातले मूळ नाव, वेळ आणि कोणी लिहून दिले ते, असे रकाने मी आखून दिले. रविवारी संध्याकाळी मी जातो. आम्ही दोघे वही आणि डबा ताडून पाहतो. बँकेत रोकड जुळल्याशिवाय कुलूप लागत नसे, तसेच. दादा खुर्चीत बसून कुरकुरतात, ‘‘आता माझीही तपासणी लावली का रे तू?’’

मागच्या रविवारी डब्यात वहीत नसलेले एक पाकीट सापडले. पाठदुखीची गोळी. शेजारच्या जोशीकाकूंनी प्रेमाने दिलेली!

वहिनी ओशाळल्या. ती गोळी मी खिशात घातली आणि डॉक्टरीणबाईंना फोन लावला.