प्रोसेसचं मूळ शोधताना

१७ एप्रिल २०१८ रोजी पुणे पोलिसांच्या पथकाने दिल्लीतल्या मुनिरका भागात कार्यकर्ते रोना विल्सन यांच्या घराची झडती घेतली आणि त्यांचा लॅपटॉप जप्त केला. ६ जूनला त्यांना अटक झाली. ३१ डिसेंबर २०१७ रोजी शनिवारवाड्यावर झालेली एल्गार परिषद आणि दुसऱ्या दिवशी कोरेगाव भीमा इथे उसळलेला हिंसाचार यांच्या तपासातली ही कारवाई होती. त्या लॅपटॉपमध्ये मिळालेली पत्रं पुढे या खटल्यातला एक प्रमुख पुरावा ठरली.

फेब्रुवारी २०२१ मध्ये या प्रकरणाला वेगळं वळण लागलं. बचाव पक्षाच्या वकिलांच्या विनंतीवरून अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंग या संगणक न्यायवैद्यक कंपनीने लॅपटॉपच्या इलेक्ट्रॉनिक प्रतीची तपासणी केली होती. तिच्या अहवालानुसार १३ जून २०१६ रोजी याच खटल्यातले एक आरोपी, कवी वरवरा राव यांच्या ईमेल खात्यावरून आलेली एक फाइल उघडली गेली. समोर एक साधा दस्तऐवज दिसला, आणि त्याच्या आडून ‘नेटवायर’ नावाचा प्रोग्रॅम लॅपटॉपमध्ये शिरला. तो २२ महिने तिथे होता आणि त्याच्याच वाटेने एका लपवलेल्या फोल्डरमध्ये वादग्रस्त पत्रं ठेवली गेली, असा कंपनीचा निष्कर्ष आहे. ती पत्रं त्या लॅपटॉपवर कधी उघडली गेल्याची खूण कंपनीला मिळाली नाही. शिवाय लॅपटॉपवर वर्डची २००७ ची आवृत्ती होती आणि पत्रं तिच्यापेक्षा नव्या आवृत्तीत तयार झालेली होती.

पुढे हा तपास हाती घेणाऱ्या राष्ट्रीय तपास यंत्रणेला हे मान्य नाही. सरकारी प्रयोगशाळेच्या तपासणीत लॅपटॉपमध्ये घातक प्रोग्रॅम आढळला नाही, असं यंत्रणेचं म्हणणं होतं. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये विल्सन यांना जामीन दिला, तो दीर्घ कारावास आणि खटल्याला लागणारा विलंब लक्षात घेऊन. पुराव्याचा निवाडा न्यायालयच करेल. मात्र या वादाच्या मुळाशी जो शास्त्रीय प्रश्न आहे, तो आपल्या प्रत्येकाच्या संगणकालाही लागू पडतो: पडद्यामागे चालणारी एखादी अनोळखी गोष्ट निरुपद्रवी आहे की घातक, हे ओळखायचं कसं?

डिस्कवर नुसता पडून असलेला प्रोग्रॅम काहीच करत नाही. तो चालू झाला, त्याला मेमरीत जागा आणि प्रोसेसरचा वेळ मिळाला, की त्याची ‘प्रोसेस’ होते. विंडोजचा टास्क मॅनेजर उघडला की अशा शे-दोनशे प्रोसेस सहज दिसतात. आपण उघडलेले प्रोग्रॅम त्यात मोजकेच असतात. बाकी सगळा कारभार अंगभूत अँटिव्हायरस, फाइलींची सूची बनवणारा प्रोग्रॅम, प्रिंटरचा ड्रायव्हर आणि निरनिराळे अपडेटर यांचा असतो. म्हणजे अनोळखी वाटणाऱ्या बहुतेक प्रोसेस अगदी सरळमार्गी असतात. घातक प्रोग्रॅम याच गर्दीचा फायदा घेतो.

पहिली फसगत होते ती नावावरून. विंडोजमध्ये ‘एसव्हीसीहोस्ट’ नावाच्या अनेक प्रोसेस एकाच वेळी चालू असतात. एकेक प्रोसेस विंडोजच्या एक वा अधिक सेवा चालवते, त्यामुळे तिच्या डझनावारी प्रती दिसणं स्वाभाविक आहे. घातक प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना हे ठाऊक असतं. मग ‘व्ही’ आणि ‘सी’ या अक्षरांची अदलाबदल केली जाते, किंवा एखाद्या नावातल्या इंग्रजी लहान ‘एल’च्या जागी हुबेहूब तसाच दिसणारा मोठा ‘आय’ बसवला जातो. कधी तर एका अक्षराचाही फरक नसतो. प्रोग्रॅमला कोणतंही नाव देता येतं, त्यावर कुणाचा पहारा नाही.

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये म्हणतात. प्रोसेसच्या बाबतीत मात्र दोन्ही शोधावं लागतं.

मूळ म्हणजे तिची फाइल डिस्कवर कुठे आहे. खऱ्या एसव्हीसीहोस्टची फाइल विंडोजच्या ‘सिस्टिम ३२’ किंवा क्वचित तिच्या जोडीच्या ‘सिसवॉव ६४’ या फोल्डरमध्ये असते. त्याच नावाची प्रोसेस तात्पुरत्या फाइलींच्या किंवा डाउनलोडच्या फोल्डरमधून चालताना दिसली, तर काहीतरी नक्की बिघडलं आहे. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसवर राइट-क्लिक केलं की फाइलचं ठिकाण उघडण्याचा पर्याय मिळतो. ही तपासणी कुणालाही करता येते.

कूळ म्हणजे तिला जन्म कुणी दिला. बहुतेक प्रत्येक प्रोसेस दुसऱ्या एखाद्या प्रोसेसने सुरू केलेली असते. एसव्हीसीहोस्टला सहसा ‘सर्व्हिसेस’ ही विंडोजची प्रोसेस सुरू करते. आता समजा, वर्डने पॉवरशेल सुरू केलं. वर्ड मायक्रोसॉफ्टचं, पॉवरशेलही मायक्रोसॉफ्टचं. दोघांच्याही फाइली जागच्या जागी आहेत, दोघांवरही अस्सल सही आहे. तरीही पत्र लिहिण्याच्या प्रोग्रॅमला आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रॅमची गरज पडावी, हे खटकतं. दस्तऐवजात दडलेला मॅक्रो, म्हणजे छोटा आज्ञासंच, कामाला लागल्याची ही ठळक खूण असते. मार्क रुसिनोविच यांनी घडवलेलं ‘प्रोसेस एक्सप्लोरर’ हे मोफत साधन ही सगळी वंशावळ झाडासारखी मांडून दाखवतं. त्यांची कंपनी मायक्रोसॉफ्टने २००६ मध्ये विकत घेतली आणि ही साधनं आज मायक्रोसॉफ्टच पुरवते.

पुढचा प्रश्न सहीचा. नामांकित कंपन्या आपल्या प्रोग्रॅमवर डिजिटल सही करतात. फाइलमधला एक बिट जरी बदलला तरी सही जुळत नाही. सही नसली म्हणून प्रोग्रॅम वाईट ठरत नाही, कारण अनेक छोटे विकासक सही करतच नाहीत. आणि सही असली म्हणून तो चांगलाही ठरत नाही. इराणच्या अणुप्रकल्पावर सोडलेल्या, २०१० मध्ये उघडकीस आलेल्या ‘स्टक्सनेट’च्या फाइलींवर तैवानच्या रिअलटेक आणि जेमायक्रॉन या कंपन्यांच्या चोरलेल्या प्रमाणपत्रांनी सह्या केलेल्या होत्या.

मग पाहायचं ते वर्तन. संगणक पुन्हा सुरू झाल्यावर ही प्रोसेस आपोआप उठते का, आणि कोणत्या मार्गाने? इंटरनेटवर ती कुणाशी बोलते? दूर बसलेल्या माणसाचे हुकूम घेणारा प्रोग्रॅम ठरावीक अंतराने बाहेरच्या सर्व्हरला हाक मारत राहतो. नेटवायर याच जातीचा. तो दाबलेल्या कळा टिपतो, पडद्याची छायाचित्रं घेतो, पासवर्ड चोरतो आणि फाइली नेऊ-आणू शकतो. दूरस्थ व्यवस्थापनाचं साधन म्हणून तो अनेक वर्षं इंटरनेटवर उघडपणे विकला जात होता. मार्च २०२३ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने त्याच्या विक्रीचं संकेतस्थळ जप्त केलं आणि क्रोएशियात एका व्यक्तीला अटक झाली. कार्यालयातला तंत्रज्ञ ‘एनीडेस्क’ हे असंच दूरस्थ साधन वापरून आपला संगणक दुरुस्त करतो आणि फोनवरचा ठग त्याच एनीडेस्कने खातं रिकामं करतो. क्षमता दोन्हीकडे सारखीच असते. मालकाची जाणती संमती आहे की नाही, यावर फरक ठरतो, आणि हे कोणत्याही यंत्राला नुसत्या फाइलकडे पाहून सांगता येत नाही.

अँटिव्हायरसचा कौल हा म्हणूनच एक साक्षीदार मानावा, न्यायाधीश नव्हे. एप्रिल २०१० मध्ये मॅकॅफीच्या एका सदोष अपडेटने विंडोज एक्सपीवरच्या खऱ्या एसव्हीसीहोस्टलाच विषाणू ठरवून बाजूला काढलं आणि जगभरचे असंख्य संगणक पुन्हा पुन्हा बंद-चालू होत राहिले. उलट बाजूने, नवा किंवा खास एका माणसासाठी थोडा बदललेला घातक प्रोग्रॅम सगळ्या चाळण्यांतून निसटू शकतो. काही घातक प्रोग्रॅम तर एखादी अस्सल प्रोसेस थांबलेल्या अवस्थेत सुरू करून तिच्या मेमरीतला मजकूर काढून आपला भरतात. तेव्हा नाव, ठिकाण आणि डिस्कवरच्या फाइलची सही, तिन्ही बरोबर दिसतात. खोट फक्त मेमरी तपासली तरच कळते.

अशा वेळी माणसाची चिकित्सक नजर उपयोगी पडते. मार्च २०२४ मध्ये अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लिनक्सवरची ‘एसएसएचडी’ ही प्रोसेस लॉगिनच्या वेळी नेहमीपेक्षा जास्त प्रोसेसर खाते आणि सुमारे अर्धा सेकंद उशीर करते, असं जाणवलं. तो त्या अर्ध्या सेकंदाच्या मागे लागला. ‘एक्सझेड’ या जगभर वापरल्या जाणाऱ्या लायब्ररीत मुद्दाम पेरलेला चोरदरवाजा त्यामुळे उघड झाला. प्रोसेस अस्सल होती आणि फाइल अधिकृत वाटेने आली होती. चुकलं होतं ते फक्त वर्तन.

सामान्य वापरकर्त्याने यातून काय घ्यावं? अनोळखी प्रोसेस दिसली की ती घाईने बंद करू नये आणि फाइल पुसूही नये. ठिकाण, जन्मदाता, सही, आपोआप सुरू होण्याची वाट आणि नेटवर्क हे पाचही मुद्दे पाहावेत. एकच खटकलं तर आणखी माहिती घ्यावी, दोन-तीन एकत्र खटकले तर सावध व्हावं. फाइलचा हॅश, म्हणजे तिच्या मजकुरावरून निघणारा ठसा, ‘व्हायरसटोटल’ या संकेतस्थळावर शोधता येतो. खासगी दस्तऐवज मात्र तिथे चढवू नये, तो इतरांच्या हाती जाऊ शकतो. संशय बळावला तर आधी इंटरनेट तोडावं, पासवर्ड दुसऱ्या उपकरणावरून बदलावेत. पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर लगेच कळवावं. प्रकरण पोलिसांत किंवा न्यायालयात जाण्यासारखं असेल, तर जाणकाराला दाखवेपर्यंत संगणक बंदही करू नये, कारण मेमरीतला पुरावा वीज जाताच नाहीसा होतो.

हाच विचार न्यायव्यवस्थेतही रुजायला हवा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबतच्या प्रमाणपत्रात हॅश नोंदवावा लागतो. ही चांगली सुधारणा आहे. पण हॅश नोंदवल्यानंतर फाइल बदलली नाही, एवढंच त्यातून सिद्ध होतं. त्याआधी ती तिथे कुणी ठेवली, हे हॅश सांगू शकत नाही. ते सांगते फाइल लिहिणारी प्रोसेस, तिचा जन्मदाता आणि त्या क्षणी तिच्याशी बोलणारा सर्व्हर. विल्सन यांच्याखेरीज याच खटल्यातले नागपूरचे वकील सुरेंद्र गडलिंग यांच्या संगणकाबाबतही आर्सेनलने २०२१ मध्ये असेच निष्कर्ष मांडले. ते मान्य करा वा खोडून काढा, दोन्हींसाठी तपास याच खोलीपर्यंत न्यावा लागेल.

म्हणून संगणकावरचा पुरावा ज्या ज्या खटल्यात उभा राहील, तिथे आरोपीला डिस्कची संपूर्ण प्रत वेळेत मिळावी, सरकारी प्रयोगशाळांना प्रोसेसच्या नोंदी तपासण्याची साधनं आणि माणसं मिळावीत, आणि ‘फाइल सापडली’ या वाक्यानंतर न्यायालयाने ‘ती आली कशी?’ हा प्रश्न दर वेळी विचारावा. त्याचं उत्तर मिळवण्याची विद्या आज उपलब्ध आहे. ती न वापरता कुणाला दोषी किंवा निर्दोष ठरवणं हा विज्ञानावर आणि माणसावर, दोघांवरही अन्याय आहे.