एसीतल्या मित्रांनो, जरा खाली बघा!

ऑफिसात बाराही महिने एकच टेम्परेचर. मग सीझन बदलल्याचं कळणार कसं? व्हॉट्सअ‍ॅपवरच्या कांदाभजीच्या फोटोंवरून?

जूनमध्ये दादर स्टेशनबाहेर पडलात, की जरा फूटपाथकडे बघा. टोपलीत जांभळट, टोकदार कळ्यांच्या जुड्या दिसतील. ती शेवळं! पहिल्या सरींच्या आगेमागे रानात उगवतात आणि दोन-तीन आठवड्यांत गायब. शेजारी छोट्या आवळ्यासारखी हिरवी काकडं असतील, तीही घ्याच. कारण नुसती शेवळं खाल्लीत तर घसा जाम खाजतो. त्यातले कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक टोचतात. काकडांच्या आंबटपणाने तो त्रास कमी होतो. परफेक्ट टीमवर्क! सोडे घालून केलेली शेवळं तर... असो, श्रावणाआधी उरका.

विकणाऱ्या मावशी पालघर-शहापूरकडून पहाटेची लोकल पकडून येतात. कॉफीला अडीचशे मोजणाऱ्यांनी त्यांच्याशी दहा रुपयांसाठी घासाघीस करू नये, प्लीज. त्यापेक्षा रेसिपी विचारा. आतला पिवळा भाग कसा काढायचा, हे त्या हातात शेवळं घेऊन दाखवतात. आपल्यापैकी कितीजणांच्या आयांना हे येतं?

आणि या वर्षी हुकलीच, तर टाकळा आहे, फोडशी आहे. संध्याकाळी ७.१०ची फास्ट सोडा, पुढची पकडा.