जुनी बुलेट आणि परभणीचे ऊन

जुन्या ३५० बुलेटचे इंजिन हवेने थंड होते. त्याच्या सिलिंडरचा व्यास ७० मि.मी. आणि पिस्टनची धाव ९० मि.मी.; म्हणजे घनफळ ३४६ घ.सें.मी. ताकद वाढावी म्हणून बोअरिंग करून ७१ मि.मी.चा पिस्टन टाकला, तर घनफळ ३५६ होते. वाढ सुमारे ३ टक्के.

आता परभणीचा मे महिना घेऊ. हवा २७ ऐवजी ४३ अंश सेल्सिअस असेल, तर केल्व्हिनमध्ये ३०० ऐवजी ३१६. दाब तोच धरल्यास घनता ५ टक्क्यांनी घटते. तेवढा ऑक्सिजन कमी, तेवढे इंधन कमी जळते. बोअरिंगने कमावले त्याहून अधिक उन्हाने नेले!

ऊन आपल्या हाती नाही. पण सिलिंडरभोवतीचे फिन आहेत. त्यांवर तेल-चिखल साचला की उष्णता कोंडते, आत येणारी हवा आणखी तापते आणि पिस्टन जाम होण्याचा धोका वाढतो. म्हणून आधी ब्रश आणि रॉकेल, बोअरिंग नंतर.